विश्लेषण : जमशेटजी टाटांना चांद्याच्या जंगलात काय सापडले आणि त्यांनी ते का सोडले? सोन्याच्या शोधासाठी त्यातून काय शिकायचे?

चंद्रपूर जिल्ह्यात सोन्याचे साठे असल्याचे तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी २०२२च्या अखेरीस सांगितले आणि मिंझरी, बामणी ही एरवी कुणाला ठाऊक नसलेली नावे राज्यभर पोहोचली. तेव्हापासून सोन्याची चर्चा अधूनमधून डोके वर काढते. ऑनलाइन बाजारात काही हजारांपासून काही लाखांपर्यंतचे मेटल डिटेक्टर मिळतात. यंत्र घेऊन नदीकाठी किंवा रानात फिरणाऱ्यांचे व्हिडीओही भरपूर पाहिले जातात. पण यंत्र हातात आल्यावर खरा प्रश्न सुरू होतो. शोधायचे नेमके कुठे? आशेची जमीन ओळखायची कशी?

हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी याच जंगलात जमशेटजी टाटा यांच्यापुढे होता. त्यांना सोने नव्हे, लोखंड हवे होते. ते त्यांना मिळालेही आणि उत्तम प्रतीचे मिळाले. तरीही त्यांनी ती जागा सोडून दिली. देशातील पहिला मोठा पोलाद कारखाना चांद्यात उभा न राहता आजच्या झारखंडमध्ये का गेला, याचे उत्तर त्या निर्णयात आहे. सोन्याच्या मागे निघणाऱ्यांसाठीही त्यात बरेच काही आहे.

जमशेटजींचा विदर्भाशी संबंध कसा आला?

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातमधील नवसारी येथे एका पारशी पुरोहित घराण्यात झाला. वडील नसरवानजी मुंबईत व्यापारात उतरले होते. जमशेटजी १८५८मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजमधून शिक्षण पूर्ण करून बाहेर पडले आणि वडिलांच्या पेढीत दाखल झाले. १८६८मध्ये त्यांनी २१ हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी काढली. वर्षभरात चिंचपोकळीची एक बंद पडलेली तेलगिरणी विकत घेऊन तिची कापडगिरणी केली आणि पुढे ती नफ्याने विकली.

त्या काळी कापडगिरणी म्हणजे मुंबई, हे समीकरण पक्के होते. जमशेटजींनी ते मानले नाही. कापूस जिथे पिकतो, रेल्वे जिथे पोहोचली आहे, पाणी आणि कोळसा जिथून जवळ पडतो आणि कापड विकण्यासाठी बाजारही जिथे आहे, अशी जागा ते शोधत होते. ती त्यांना नागपुरात मिळाली. १८७४मध्ये १५ लाख रुपयांच्या भांडवलाची कंपनी स्थापन झाली आणि १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू झाली.

गिरणीची जागा दलदलीची होती. ती भरून काढण्यासाठी माती टाकावी लागत होती. त्या वेळची एक गोष्ट टाटांच्या चरित्रांत आवर्जून येते. नागपूरच्या एका सावकाराने गिरणीला पैसे देण्यास नकार दिला, कारण हा मुंबईचा माणूस जमिनीत सोने पुरतो आहे, असे त्याला वाटले. गिरणी चालली, भागधारकांना नफा मिळू लागला, तेव्हा त्याच सावकाराने कबूल केले की माणसाने माती टाकली आणि सोने काढले. गोष्टीतील रंग सोडला तरी जमशेटजींची पद्धत तीतून दिसते. जमिनीत काय आहे एवढेच न पाहता तिच्याभोवती काय काय आहे, हे ते आधी पाहत.

१८८२च्या अहवालात असे काय होते?

एम्प्रेस मिल सुरू होऊन पाच वर्षे झाली असताना जमशेटजींच्या हाती एक सरकारी अहवाल पडला. रिटर फॉन श्वार्झ या तज्ज्ञाने चांदा जिल्ह्यात लोखंडाचा उद्योग आर्थिकदृष्ट्या शक्य आहे का, याचा अभ्यास केला होता. जिल्ह्यातील लोहारा येथील लोहखनिज उत्तम असल्याचे त्यात म्हटले होते. आणि जवळच वरोऱ्याला कोळशाची सरकारी खाण होती.

त्या वेळचा चांदा जिल्हा म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे. गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. या भागात लोखंड आहे, हे सांगायला अहवालाची गरज नव्हती. गावोगावचे कारागीर लोखंडी दगड आणि कोळशाच्या छोट्या मातीच्या भट्ट्यांतून पिढ्यान्‌पिढ्या लोखंड काढत होते. श्वार्झच्या अहवालाने एवढेच केले, की गावाला माहीत असलेली गोष्ट उद्योगाच्या भाषेत मांडली.

जमशेटजी तेव्हा ४३ वर्षांचे होते. लोखंडाची ओढ त्यांना त्याआधीपासून होती. तरुणपणी मँचेस्टरला असताना त्यांनी थॉमस कार्लाइलचे व्याख्यान ऐकले आणि ज्या राष्ट्राकडे लोखंड त्याच्याकडेच अखेर सोने जाते, हा विचार त्यांच्या मनात बसला, असे सांगितले जाते. लोखंड आणि कोळसा एकाच जिल्ह्यात, तोही नागपूरच्या गिरणीपासून जवळ. कागदावर याहून चांगली जागा नव्हती.

मग सतरा वर्षे थांबावे का लागले?

दोन अडचणी होत्या. पहिली कोळशाची. पोलादाच्या झोतभट्टीत साधा कोळसा चालत नाही. तो हवेशिवाय तापवून त्याचा कोक करावा लागतो. कोक कडक आणि सच्छिद्र असतो. भट्टीत वरून टाकलेल्या खनिजाचे ओझे तो पेलतो आणि खालून येणाऱ्या गरम हवेला वाटही देतो. वर्धा खोऱ्यातील कोळशाचा असा कोक होत नाही. जमशेटजींनी वरोऱ्याचा कोळसा तपासून घेतला आणि तो निरुपयोगी ठरला.

दुसरी अडचण नियमांची. खनिज शोधण्यासाठी आणि काढण्यासाठी सरकारच्या अटी इतक्या जाचक होत्या की खासगी माणसाने त्यात पैसा घालणे शहाणपणाचे नव्हते. जमशेटजींनी विषय बाजूला ठेवला, पण सोडला नाही. देशात कुठे काय सापडते याची माहिती ते जमवत राहिले.

१८९९मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या काळात खनिज नियम सैल झाले. त्याच वर्षी मेजर महोन यांचा भारतातील लोखंड-पोलाद उद्योगावरील अहवालही आला. पुढच्याच वर्षी जमशेटजींनी लंडनमध्ये भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांची भेट घेतली. साठी ओलांडलेल्या माणसाने सतरा वर्षांपूर्वीची फाईल पुन्हा उघडली आणि पहिले पान होते चांद्याचे.

न्यूयॉर्कमधून चांद्यापर्यंत कोण आले?

१९०२मध्ये जमशेटजी अमेरिकेला गेले. तेथील लोखंडाचे कारखाने त्यांनी हिंडून पाहिले. पिट्सबर्गचे अभियंते ज्युलियन केनेडी यांनी त्यांना आधी कच्चा माल नीट तपासण्याचा सल्ला दिला आणि त्यासाठी न्यूयॉर्कचे सल्लागार अभियंते चार्ल्स पेज पेरिन यांचे नाव सुचवले. पेरिन तयार झाले. त्यांनी आपले सहकारी, भूवैज्ञानिक सी. एम. वेल्ड यांना पुढे पाठवले.

त्याच वर्षी जमशेटजींनी परदेशातून थोरले चिरंजीव दोराबजी यांना लिहिलेले पत्र पुढे फार गाजले. कारखान्याच्या गावात रुंद रस्ते, भराभर वाढणारी सावलीची झाडे, खेळाची मैदाने आणि सर्व धर्मांची प्रार्थनास्थळे असावीत, असा त्याचा आशय होता. हे पत्र जमशेदपूरच्या संदर्भात सांगितले जाते. पण तेव्हा जमशेदपूरची जागा कुणालाही माहीत नव्हती. टाटांच्या समोर प्रत्यक्ष तपासायला घेतलेली जागा एकच होती, ती म्हणजे चांदा.

वेल्ड एप्रिल १९०३मध्ये मुंबईत उतरले. चांद्याच्या उन्हाळ्यात जंगलात शिरण्यासाठी याहून वाईट महिना शोधून सापडला नसता. त्यांच्यासोबत ४३ वर्षांचे दोराबजी होते आणि जमशेटजींचे भाचे शापुरजी सकलातवाला होते. बैलगाडीचा प्रवास, वाघांचा वावर, खाण्यापिण्याचे हाल. पाणी न मिळाल्याने कधी सोडावॉटरचा चहा करावा लागल्याचीही आठवण सांगितली जाते. जंगलातील या वर्षांनी सकलातवाला यांची प्रकृती ढासळली आणि पुढे त्यांना इंग्लंडला पाठवण्यात आले. तिथे ते कामगार चळवळीत उतरले. १९२२मध्ये लंडनच्या नॉर्थ बॅटरसी मतदारसंघातून ब्रिटिश संसदेत निवडून गेलेले कम्युनिस्ट नेते सकलातवाला ते हेच.

लोहाऱ्यात नेमके काय सापडले?

खनिज सापडले आणि प्रतही चांगली निघाली. श्वार्झ चुकले नव्हते. पण वेल्ड यांनी पुढचे प्रश्न विचारले. साठा किती? सलग आहे की तुटक? मोठा कारखाना किती वर्षे चालेल? कोक कुठून येणार? चुनखडी आणि पाणी किती लांब?

उत्तरे निराशाजनक होती. खनिज चांगले असले तरी विखुरलेले होते आणि पोलादाच्या मोठ्या कारखान्याला पुरेल एवढे नव्हते. जवळच्या कोळशाचा कोक होत नव्हता. भट्टी चालवायची तर कोक शेकडो मैलांवरून आणावा लागला असता. प्रत, साठा, इंधन आणि वाहतूक या चारपैकी एकच कसोटी लोहारा उत्तीर्ण झाला.

जमशेटजींनी वीस वर्षे ज्या जागेवर आशा ठेवली होती, तिला एका उन्हाळ्यात नकार मिळाला. निकाल अमेरिकी तज्ज्ञाचा होता आणि तो मान्य करायचा की आणखी खड्डे खणत राहायचे, हा निर्णय टाटांचा. त्यांनी निकाल मान्य केला. वेल्ड मायदेशी परतण्याच्या विचारात होते. जमशेटजींनी त्यांना थांबवून घेतले आणि शोध दुसरीकडे सुरू ठेवायला सांगितले.

अजब बंगल्यातील नकाशाची गोष्ट काय?

चांद्याचा नाद सोडत असल्याचे कळवण्यासाठी दोराबजी नागपूरला सचिवालयात गेले. संबंधित अधिकारी जागेवर नव्हते. वेळ काढण्यासाठी ते समोरच्या संग्रहालयात शिरले. नागपूरकर ज्याला अजब बंगला म्हणतात, ते १८६३पासूनचे मध्यवर्ती संग्रहालय. तिथे मध्य प्रांताचा रंगीत भूवैज्ञानिक नकाशा होता. त्यावर आजच्या छत्तीसगडमधील दल्ली-राजहरा भागात लोखंड दर्शवणारा गडद रंग दोराबजींना दिसला.

हा योगायोग म्हणून सांगितला जातो, पण तो अर्धाच खरा. दोराबजी आत गेले हा योगायोग. नकाशावर रंग होता, तो योगायोग नव्हता. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या (जीएसआय) प्रमथनाथ बोस यांनी १८८०च्या दशकात तो भाग पायी पालथा घातला होता आणि त्याची नोंद केली होती. ती वाचणारा माणूस तिथे यायला सुमारे सोळा वर्षे लागली, इतकेच. शिवाय चांद्यात दोन-तीन महिने दगड पाहिले नसते, तर दोराबजींना त्या रंगाचा अर्थही कळला नसता.

वेल्ड आणि दोराबजी राजहऱ्याला पोहोचले. तिथे टेकडीच जवळपास सगळी लोखंडाची होती. पण जवळ कोक नव्हता आणि पाण्याचीही अडचण होती. लोहाऱ्याचा धडा ताजा असल्याने या वेळी नुसत्या खनिजावर कुणी भुलले नाही.

जमशेटजींना पोलाद पाहायला मिळाले का?

नाही. बोस १९०३मध्ये सरकारी नोकरीतून बाहेर पडून मयूरभंज संस्थानात काम करू लागले होते. २४ फेब्रुवारी १९०४ रोजी त्यांनी जमशेटजींना पत्र लिहून मयूरभंजमधील गोरुमहिसानी टेकडीच्या लोहखनिजाची माहिती दिली. तिथून झरियाचा कोक होणारा कोळसा जवळ होता. हा सगळ्यात मोठा फरक. पत्र आले तेव्हा जमशेटजी आजारी होते. १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नौहाइम येथे त्यांचे निधन झाले.

पुढचे काम दोराबजींनी नेले. २६ ऑगस्ट १९०७ रोजी टाटा आयर्न अँड स्टील कंपनी स्थापन झाली. लंडनच्या भांडवल बाजाराने पाठ फिरवल्यावर भाग मुंबईत विक्रीला काढले गेले आणि सुमारे आठ हजार भारतीयांनी तीन आठवड्यांत आवश्यक भांडवल उभे केले. खरकाई आणि सुवर्णरेखा या नद्यांच्या संगमाजवळ साकची हे गाव कारखान्यासाठी निवडले गेले. १९१२मध्ये तिथून पहिले पोलाद बाहेर पडले. १९१९मध्ये गावाला जमशेदपूर हे नाव मिळाले. ज्या सुवर्णरेखेच्या वाळूत लोक पिढ्यान्‌पिढ्या सोन्याचे कण धुऊन काढत आले, तिच्याच काठावर लोखंडाचे शहर उभे राहिले.

राजहऱ्याचे खनिजही वाया गेले नाही. १९५९मध्ये सुरू झालेल्या भिलाई पोलाद प्रकल्पाचा तो आधार ठरला.

म्हणजे वेल्ड चुकले होते का? गडचिरोलीत आज लोखंड निघते ना?

निघते. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज आज देशात गाजते आहे. पण १९०३ आणि आजची कसोटी एक नाही. स्पंज आयर्नच्या पद्धतीत कोक न होणारा कोळसाही चालतो. घुग्घुसला अशा पद्धतीचा कारखाना आहे. कोक जहाजाने आणि रेल्वेने परदेशातूनही येतो. कमी प्रतीचे खनिज शुद्ध करून वापरता येते. दगड तोच राहिला, तंत्र आणि वाहतूक बदलली. जमीन आशेची आहे की नाही, हे काळासोबत बदलते, ते असे.

बदललेली आणखी एक गोष्ट म्हणजे गावाची भूमिका. १९०३मध्ये परवाना सरकार देत असे आणि जंगलातील माणसाला कुणी विचारत नसे. आज पेसा कायदा (१९९६) आणि वनहक्क कायदा (२००६) आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. सुरजागडच्या खाणीला स्थानिकांचा मोठा विरोधही झाला. त्यामुळे प्रत, साठा, इंधन, वाहतूक या चार प्रश्नांत आता पाचवा जोडला गेला आहे. जमीन कुणाची?

सोन्यासाठी आशेची जमीन कशी ओळखतात?

पद्धत टाटांच्या मंडळींचीच. आधी नकाशा, मग दगड, मग नमुने आणि यंत्र शेवटी.

चंद्रपूरच्या पश्चिमेला, वर्धा नदीच्या बाजूला कोळशाचे थर, चुनखडी आणि लाव्हाचा काळा खडक आहे. तिथे सोन्याची आशा कमी. पूर्व आणि ईशान्येला मात्र फार जुने खडक उघडे पडतात. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत पसरलेले साकोली समूहाचे खडक त्यातलेच. पृथ्वीच्या पोटातील गरम पाणी अशा जुन्या खडकांच्या भेगांतून वर येताना गारगोटीच्या (क्वार्ट्झच्या) शिरा तयार करते. त्यांत कधी कधी सोने असते. पांढऱ्या शिरेत गंजासारखे तपकिरी डाग दिसले की भूवैज्ञानिक थांबतात, कारण सोन्याच्या सोबतीने येणारी लोहयुक्त गंधकी खनिजे हवेने गंजून असे डाग सोडतात. मात्र डाग असलेल्या बहुतेक शिरा सोन्याच्या दृष्टीने कोऱ्याच निघतात.

शीर झिजली की सोन्याचे कण ओढ्यात येतात. सोने पाण्याच्या १९ पट जड असल्याने प्रवाह मंदावतो तिथे, म्हणजे वळणाच्या आतल्या बाजूला, मोठ्या दगडामागे किंवा तळाच्या खडकाच्या खाचेत ते बसते. सोबत जड काळी वाळू असते. मध्य भारतातील सोनझरा समाज नदीची वाळू लाकडी पात्रात धुऊन हेच कण वेगळे करत असे. कण सापडले की प्रवाहाच्या उलट दिशेने वर जात नमुने घ्यायचे. कण जिथून येईनासे होतात, त्याच्या आसपासच्या उतारावर शीर असण्याची शक्यता. जीएसआयही नाल्यांतील गाळाचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत तपासते. तत्त्व एकच आहे.

अजब बंगल्यातील नकाशासाठी दोराबजींना नागपूर गाठावे लागले. आज जीएसआयचे ‘भूकोश’ हे पोर्टल आहे आणि डिसेंबर २०२३पासून राष्ट्रीय भूविज्ञान माहिती भांडारही खुले झाले आहे. नोंदणी केली की भूवैज्ञानिक नकाशे मोबाइलवर पाहता येतात.

मग मेटल डिटेक्टरचे काम काय?

डिटेक्टरच्या वेटोळ्यातून बदलती वीज वाहते आणि जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र शिरते. त्या क्षेत्रात धातूचा तुकडा आला की त्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात. त्यांचे क्षेत्र यंत्र पकडते आणि आवाज करते. म्हणजे यंत्राला एका जागी गोळा झालेला धातूचा तुकडा लागतो.

खाणीतले सोने तसे नसते. एक टन दगडात पाच ग्रॅम सोने असेल, तर तो चांगला साठा मानला जातो. दहा लाख ग्रॅम दगडात पाच ग्रॅम आणि तेही डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांत. डिटेक्टर अशा दगडावरून शंभर वेळा फिरवला तरी गप्प राहील. सोने शेजारी असूनही.

उलट जिथे सोने नाही तिथे तो ओरडेल. लोहयुक्त लाल माती आणि मॅग्नेटाइटसारखी चुंबकीय खनिजे स्वतःच संकेत देतात. चंद्रपूर-गडचिरोलीत अशा जमिनीची कमतरता नाही. ज्या लोखंडासाठी टाटा आले, तेच सोने शोधणाऱ्या यंत्राचा गोंधळ उडवते. यंत्र मातीनुसार जुळवून घेता येते. पल्स इंडक्शन प्रकारची महागडी यंत्रे हा गोंधळ कमी करतात, पूर्ण संपवत नाहीत. बाकी खिळे, बाटल्यांची झाकणे आणि तारांचे तुकडे आहेतच.

ऑस्ट्रेलियात १९८०मध्ये किंगॉवर येथे डिटेक्टरने २७ किलोंचा सोन्याचा गोळा सापडला, हे खरे आहे. पण व्हिक्टोरिया प्रांताचा तो भाग १९व्या शतकातील सोन्याच्या लाटेपासून अशा गोळ्यांसाठी प्रसिद्ध होता. म्हणजे यंत्राने नवी जागा शोधली नाही. माहीत असलेल्या जागेत राहून गेलेला तुकडा शोधला.

स्वतःहून शोध घेता येतो का?

नाही. खाण आणि खनिजे (विकास व विनियमन) कायदा, १९५७नुसार परवान्याशिवाय सोन्यासारख्या खनिजाचे पूर्वेक्षण करता येत नाही. २०२३च्या दुरुस्तीने सोन्यासह खोलवरच्या खनिजांसाठी वेगळा शोध परवाना आणला, पण तो लिलावातून मिळतो. राखीव जंगलात खोदकामाला वन कायदे आडवे येतात आणि ताडोबा-अंधारीसारख्या व्याघ्र प्रकल्पात तर प्रश्नच नाही. जुनी नाणी किंवा दागिने सापडले, तर १८७८च्या गुप्तधन कायद्यानुसार दहा रुपयांवरच्या ऐवजाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे.

गडचिरोलीत आणखी एक बाब आहे. तिथे मेटल डिटेक्टर म्हटले की रस्त्यात पेरलेले सुरुंग शोधणारे पोलीस पथक आठवते. तेच यंत्र घेऊन विनापरवाना जंगलात फिरणे कायद्याबाहेरचे आहेच, जिवावर बेतू शकणारेही आहे.

सोन्याच्या ‘ब्लॉक’ची बातमी आली म्हणजे खाण आली का?

नाही. खनिजाच्या शोधाचे जी-४, जी-३, जी-२ आणि जी-१ असे चार टप्पे असतात. जी-४ म्हणजे प्राथमिक पाहणी आणि जी-१ म्हणजे सविस्तर शोध. प्रत्येक टप्प्यावर अनेक जागा गळतात. त्यामुळे चंद्रपूरच्या एखाद्या ब्लॉकची बातमी वाचताना तो कोणत्या टप्प्यावर आहे, टनामागे किती ग्रॅम सोने आहे आणि एकूण साठा किती, हे तीन आकडे पाहावेत. ते नसतील, तर आपण १८८२च्या अहवालापाशी उभे आहोत आणि वेल्ड अजून यायचे आहेत, असे समजावे.

जमशेटजींच्या चरित्रात चांद्याला सहसा एक-दोन परिच्छेद मिळतात, कारण तिथे काही उभे राहिले नाही. पण तिथे त्यांनी नकार ऐकून घेतला. वीस वर्षे जपलेल्या जागेवर आठ हजार भारतीयांचा पैसा लागण्याआधीच तो मिळाला. लोहाऱ्यात कारखाना उभा राहून कोकअभावी बंद पडला असता, तर पुढच्या भारतीय उद्योजकाला पोलादासाठी कुणी भांडवल दिले असते का, हा प्रश्नच आहे. जमिनीने दिलेला नकार वेळेत ऐकणे, हाही पूर्वेक्षणाचाच भाग असतो आणि ते काम कोणतेही यंत्र करत नाही.